तारांमधली फट

थळच्या किनाऱ्यावर जाळं म्हणजे मासा धरायची वस्तू. तेच जाळं शिडाच्या नौकेच्या कडेला माणसासाठी बांधायचं, ही कल्पना खांदेरी-उंदेरीच्या पाण्यात होडी घालणाऱ्याला पटणं कठीण. त्याच्या होडीचा काठ मोकळाच हवा. जाळी ओढायची ती तिथूनच. पण हौसेच्या शिडाच्या नौकेवर काठाशी माणसं वावरतात. तिथे खांब रोवून दोन तारा ओढलेल्या असतात. खोल समुद्रातल्या शर्यतींच्या नियमात मोठ्या नौकांची वरची तार किमान ६० सेंटिमीटर उंच लागते आणि उभी फट ३८ सेंटिमीटरपर्यंत चालते. एवढ्या फटीतून लहान मूल सहज निसटतं. पुढच्या बाजूला उतरवलेलं शीड तिथूनच पाण्यात घसरतं, आणि पाण्याने भरलेलं शीड वर ओढणं दमछाक करणारं असतं. म्हणून ही फट जाळ्याने बुजवावी, असं माझं ठाम मत आहे.

जाळ्यामुळे माणूस गाफील होतो, हा आक्षेप खरा आहे. ६० सेंटिमीटरची तार मोठ्या माणसाच्या मांडीपाशी येते. नौका कलली की तो जाळ्याच्या वरून जाईल. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. एकटा खलाशी पडला तर नौका वळवायला मागे कुणी उरत नाही. त्याचा भरवसा अंगावरच्या पट्ट्यावर आणि नौकेला अडकवलेल्या दोरीवरच. जाळं त्या दोरीची जागा घेत नाही, हे मुलांच्या आईबापांनीही धरून चालावं. लाटेच्या माऱ्याची भीती मात्र मला पटत नाही. कापड बांधलं तर लाट त्यावर आदळून खांब वाकतात. जाळ्याच्या डोळ्यांतून पाणी निघून जातं. पडलेल्याला वर घेताना जाळं आड येतं, हा आक्षेप जास्त वजनाचा. त्यासाठी एक भाग सुरीच्या एका फटक्यात सुटेल असा वेगळा बांधावा. बाकी ठिकाणी सलग दोरी ओवू नये, ती एका जागी तुटली की सगळं सैल पडतं. थोड्या थोड्या अंतरावर सुटी गाठ मारावी. नायलॉन भिजलं की लांबतं, तेव्हा ताण पुन्हा बघावा.

उन्हापुढे मात्र जाळ्याचं काही चालत नाही. हंगाम सरला की धागा बोटांत ताणून पाहावा. तो भुरभुरीत लागला तर जाळं उतरवून परसातल्या वेलाला द्यावं. दुधीचं वजन ते अजून पेलेल.