हॉर्न वाजते का पाय

पावसाळ्यात अमरावतीच्या आमच्या गल्लीत, राजापेठेच्या मागं, सकाळ व्हायची ती किकच्या आवाजानं. खाट्, खाट्, फुस्स. एकाच वेळी तीन-चार घरांतून. आजी देवपूजेवरून विचारायची, "काहून व, आजबी नाही उठली का?" जणू स्कूटर म्हणजे उशिरापर्यंत लोळणारी सून.

चेतक 1972 साली आली, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणं हाही संसाराचाच भाग झाला. आमचा नंबर लागायच्या आधी घरात एक सेकंडहँड स्कूटर शिरली. तिच्या कंपनीचं नाव आता कशाला काढा, दोष तिच्या वयाचा होता.

तिला सुरू करायला अख्खं घर लागायचं. किक बाबांची. "कॉक सुरू हाय का? चोक ओढला का?" हे दादाचं. नाही झाली, की "आडवी कर तिले." मग सगळे मिळून तिला एका अंगावर कलवायचो, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उतरावं म्हणून. तरीही नाहीच, की बाजूचं झाकण काढून प्लगपाना. प्लग निघायचा तो काळा, ओला, तेलकट. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं. लिटरला 20 मिली पुरे. पण बाबा "इंजिनाले बरं" म्हणून हात सैल सोडायचे. त्याच तेलाचा कार्बन प्लगच्या टोकांवर बसायचा, आणि करंट ठिणगी न पाडता त्याच्यातूनच पळून जायचा. आई काडेपेटीच्या कडेनं टोकं घासून द्यायची, भाकरीचं पीठ हाताला तसंच.

मग परीक्षा. प्लग टोपणात खोचून इंजिनाला टेकवायचा, बाबा किक मारणार, निळी ठिणगी दिसली की पास. एकदा ताईनं टोपण नीट धरलं नाही. "माय व!" प्लग थेट तुळशीत. दादा गंभीरपणे म्हणाला, "करंट बराबर हाय."

1985 त सीडी 100 आली, तसा चार-स्ट्रोकचा जमाना घराघरांत शिरला आणि तेल मिसळायचं गेलं. अकोल्याच्या काकाजींनी फोर-स्ट्रोक गाडी घेतली तेव्हा आम्ही ती बघायला म्हणून मूर्तिजापूरमार्गे एसटीनं गेलो होतो. पण तिच्यासोबत घरात बॅटरी आली. अकोल्याचा मे महिना, 45 अंश. बॅटरीतलं पाणी खालच्या रेघेखाली जायचं. उडतं ते पाणीच, अ‍ॅसिड तिथंच राहतं, म्हणून वरून फक्त डिस्टिल्ड वॉटर भरायचं. काकाजी ते इतक्या निगुतीनं करायचे की काकूंनी ती बाटली देवघराच्या फडताळात ठेवून दिली. शेजारीच राजराजेश्वराच्या कावडीतलं, गांधीग्रामहून आलेलं पूर्णेचं पाणी. बाटल्या सारख्याच. व्हायचं तेच झालं. त्या श्रावणात महादेवाला डिस्टिल्ड वॉटरचा अभिषेक झाला आणि पूर्णामाई बॅटरीत गेली. बॅटरी पुढं लवकरच कैलासवासी झाली. काकूंनी शेवटपर्यंत चूक मान्य केली नाही.

यंदा दिवाळीत सगळे अकोल्याला जमलो. भाच्याची गाडी नवी, तिला किकच नाही. बटण दाबलं की नुसतं कट-कट-कट. पोट्ट्यांनी गल्लीभर धक्का मारला, घामाघूम झाले. तिचा पेट्रोलचा पंपसुद्धा विजेवर चालतो. बॅटरी पार उतरल्यावर धक्क्यानं काय होणार?

ओसरीवरून बाबांचा आवाज आला, "हॉर्न वाजते का पाय."

भाच्यानं दाबला. शेळीच्या पिल्लासारखं काहीतरी बारीक निघालं.

"सेल कोरडे पडले. पाणी भरा." बाबा काठी टेकत उठले. भाच्यानं सीट काढून बॅटरी दाखवली. सीलबंद, पाणी भरायची झाकणंच नाहीत. बाबांनी चष्मा सारखा केला आणि तिच्या माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा बोट फिरवून पाहिलं.