मागील दाराची अब्रू

दुकानाच्या दर्शनी भागाची काळजी सारेच घेतात. गादीवर शुभ्र आच्छादन असते, लक्ष्मीच्या तसबिरीला रोज नवा हार पडतो, तिन्हीसांजेला दिवा लागतो. परंतु मालक, कारकून, गिऱ्हाईक आणि हमाल या साऱ्यांना ज्या एका खोलीची सारखीच गरज पडते, तिचे नाव घेण्यासही आपण कचरतो. बेळगावात कापडाचे दुकान चालविताना त्या खोलीने आम्हांला जे शिकविले, तेच येथे सांगत आहोत. वाचकांनी नाक मुरडू नये.

आमच्या दुकानातील शौचकूप वरचेवर तुंबत असे. अशा वेळी सर्वत्र फलक लागतो; तसा आमच्याकडेही लागला. फलक भिंतीवर राहिला आणि कचरा भांड्यात जात राहिला. पुढे नळाच्या कारागिराने आम्हांला आतील रचना समजावून दिली. भांड्याखाली नळाला एक वळण असते. त्यात सुमारे ५० मिलिमीटर खोलीचे पाणी सदैव अडून राहते, व तेच गटारातील दुर्गंधी वर येऊ देत नाही. पण हेच वळण चिंधी आणि गुटख्याची पुडीही अडवते. शौचाचा पातळ कागद पाण्यात विरतो. हात पुसण्याचा जाड कागद विरत नाही, आणि सॅनिटरी पॅड तर पाणी पिऊन फुगते. वरून आम्ल ओतल्याने प्लास्टिक विरघळत नाही. उलट ते ब्लीचिंग पावडरीत मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

मग माणसे भांड्यातच का टाकतात? कारण दुसरी जागा हाताशी नसते. दुकानात काम करणाऱ्या मुलीने वापरलेले पॅड हाती घेऊन पुरुषांच्या गर्दीतून बाहेर यावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? आम्ही आतच, हात पोहोचेल तेथे, झाकणाची पेटी ठेवली. शेजारी गुंडाळण्यासाठी जुनी वर्तमानपत्रे ठेवली. पेटी रोज रिकामी होऊ लागली. चहाचा चोथा आणि डब्यातील उरलेसुरले अन्न यांसाठी बाहेर वेगळी बादली आली. टाकीत पाणी पुरेसे भरते की नाही हे रोज सकाळी पाहण्याचा, आणि आठवड्यातून एकदा बाहेरील चेंबरचे झाकण उघडून पाहण्याचा नेम ठरला. तुंबणे जवळजवळ थांबले. फलक आम्ही काढून टाकला.

हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली आप्पासाहेब पटवर्धनांनी, ब्राह्मण कुळात जन्मूनही, मैलासफाईचे काम आपणांस मिळावे म्हणून उपोषण मांडले. त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही अन्न सोडले. हे काम जन्माने कोणाच्याही कपाळी लिहिलेले नाही, हेच त्यांना दाखवायचे होते. २०१३ च्या कायद्याने माणसाकडून हाताने मैला साफ करवून घेणे गुन्हा ठरविले. तरीही भांडे तुंबले की हाक जाते ती बहुधा त्याच वस्तीत, आणि जो येतो त्याचे नावही आपण विचारीत नाही.

आपण निष्काळजीपणे टाकलेली वस्तू अखेर कोणाच्या तरी हातानेच निघते. तो हात तेथवर जाण्याची वेळच येऊ न देणे, एवढे तर झाकणाच्या एका पेटीने साधते.