राखणदार कोणाच्या पगारावर?



पुरुषोत्तमनगर म्हटलं की शहादा तालुक्याबाहेरच्या माणसाला साखर कारखाना आठवतो. गाळप हंगामात उसाच्या गाड्या वजनकाट्यावर येतात, तेव्हा शेतकरी आकड्याकडे डोळे लावून उभा असतो. काटा कोणी तपासला, तपासणारा कोणाचा माणूस, हे विचारायला त्याला कोणी शिकवावं लागत नाही. याच परिसरात एका संध्याकाळी आम्ही चार-पाच जण बसलो होतो आणि आमच्या हातात एका सरकारी कार्यालयाचं पत्र होतं. त्या पत्रानं आम्हाला हाच काट्याचा प्रश्न नव्यानं विचारायला लावला.

गोष्ट साधी आहे. तालुक्यातल्या एका गावात नळपाणी योजना झाली. वस्तीत घरोघर तोट्या बसल्या, पण बायका अजून हंडे घेऊन हातपंपावरच जातात. कागदोपत्री काम पूर्ण, तपासणी पूर्ण, बिल अदा. आम्ही माहिती अधिकारात चार गोष्टी मागितल्या: तपासणी कोणत्या तारखेला झाली, तपासणी अहवालाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि तपासणाऱ्या संस्थेला कार्यालयानं किती पैसे दिले. उत्तर आलं की ही माहिती त्रयस्थ पक्षाची आहे, सबब देता येत नाही.

आता जरा या 'त्रयस्थ' शब्दाकडे बघा. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ठेकेदाराचं बिल काढण्यापूर्वी बाहेरच्या संस्थेकडून कामाची तपासणी करून घ्यायची असते. तिथं त्रयस्थ म्हणजे निष्पक्ष. पण त्याच संस्थेचा अहवाल गावकऱ्यांनी मागितला की त्रयस्थ म्हणजे खासगी! बिल काढताना जी संस्था सरकारचा डोळा असते, ती हिशोब विचारताना परकी होते. शब्द एकच, अर्थ सोयीप्रमाणे.

पैसे कोणाचे? महाराष्ट्रात या मिशनचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा उचलतात. म्हणजे तुमचे-आमचेच. कामावर देखरेख करणाऱ्या अभियंत्याचा पगार आपण देतो, ठेकेदाराचं बिल आपण देतो आणि दोघांचं काम बरोबर आहे का हे बघणाऱ्या संस्थेचा मोबदलाही आपणच देतो. तीनदा पैसे मोजूनही तपासणीचा कागद आपल्याला बघता येत नसेल, तर आपण नेमकं काय विकत घेतलं?

कोणी म्हणेल, बाहेरच्या तज्ज्ञांची मदत घेण्यात गैर काय? गैर काहीच नाही. सरकारी कंपन्यांचं उदाहरण घ्या. त्यांचे हिशोब सनदी लेखापालांच्या खासगी फर्मच तपासतात. पण कंपनी कायदा २०१३च्या कलम १३९(५) प्रमाणे ती फर्म कंपनी निवडत नाही, देशाचे महालेखापरीक्षक निवडतात. शिवाय कलम १४३(६) प्रमाणे त्या फर्मच्या अहवालानंतर स्वतः पुरवणी तपासणी करण्याचा आणि त्यावर शेरे मारण्याचा अधिकार ते आपल्याकडे ठेवतात. हात बाहेरचे असले, तरी अंतिम जबाबदारी बाहेर दिलेली नाही. फरक इथं आहे. देखरेखीच्या कामात मदत विकत घेता येते. देखरेखीची जबाबदारीच ठेक्यावर दिली, तर देखरेख करणाऱ्या कार्यालयाकडे उरतं काय? फक्त बिलावर सही करणं.

बाबासाहेबांनी हा विचार किती खोलवर केला होता, हे आपल्या तरुणांनी मुद्दाम वाचलं पाहिजे. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यावर प्रबंध लिहिला होता. एक व्यापारी कंपनी जनतेचा महसूल कसा हाताळते, हे त्यांनी तेव्हाच तपासलं होतं. पुढे ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत महालेखापरीक्षकाच्या तरतुदींवर चर्चा झाली. त्या वेळी ते म्हणाले की हा बहुधा संविधानातला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, कारण संसदेनं मंजूर केलेला पैसा मंजुरीबाहेर खर्च होत नाही ना, हे बघण्याचं काम त्याचं आहे. त्याचं काम त्यांनी न्यायव्यवस्थेपेक्षाही मोलाचं मानलं. आणि त्याच भाषणात त्यांनी खंत व्यक्त केली की न्यायव्यवस्थेला दिलं तेवढं स्वातंत्र्य आपण याला दिलेलं नाही.

ही खंत कशाबद्दल होती? नोकरवर्गाबद्दल! सर्वोच्च न्यायालय आपले कर्मचारी स्वतः नेमू शकतं, संविधानाच्या कलम १४६ मध्ये तशी सोय आहे. महालेखापरीक्षकाला मात्र तसा अधिकार नाही. ज्याच्या हाताखालची माणसं त्याच्या अधिकारात नाहीत, तो निर्भयपणे हिशोब कसा तपासणार, ही बाबासाहेबांची चिंता होती. ते तर सरकारी नोकरांबद्दल बोलत होते. आज तपासणारा माणूस सरकारी नोकरच नाही, एका एजन्सीचा कंत्राटी कर्मचारी आहे. उद्या कंत्राटाचं नूतनीकरण होणार की नाही, या भीतीत तो अहवाल लिहितो. बाबासाहेबांची चिंता आपण किती पुढे नेऊन ठेवली बघा.

आमच्या शहाद्याला हे सांगण्याची गरज पडू नये. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, आपला नंदुरबार जिल्हा अजून धुळे जिल्ह्यातच होता तेव्हा, इथल्या बड्या शेतकऱ्यांनी पिकांच्या राखणीसाठी पगारी राखणदार नेमले होते. चोरीचा आळ घेऊन आदिवासी मजुरांना मारहाण आणि दंड होत असे. आंबरसिंग सुरतवंती आणि पुढे श्रमिक संघटना यांच्या झेंड्याखाली मजूर उभे राहिले, त्यामागे मजुरीचा आणि जमिनीचा प्रश्न होता, तसा या राखणदारांचाही होता. राखणदार ज्याच्या पगारावर असतो, त्याचंच शेत राखतो. हे इथल्या जुन्या माणसांनी पाठीवर वळ घेऊन शिकलेलं आहे.

आता आपल्या पोटाचा प्रश्न. तपासणीचं काम कार्यालयातून एजन्सीकडे गेलं की त्याबरोबर पदही जातं आणि पदाबरोबर आरक्षणही जातं. संविधानाचं कलम १६(४) सरकारी सेवेतल्या पदांना लागू होतं. एजन्सीच्या नोकरीत बिंदुनामावली कोण तपासणार? महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी एजन्सींमार्फत सरकारी कार्यालयांना कंत्राटी मनुष्यबळ पुरवण्याचा शासन निर्णय काढला होता. स्पर्धा परीक्षा देणारी पोरं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो रद्द करावा लागला. तो विजय खरा आहे. पण मनुष्यबळाचा ठेका बंद झाला, तरी तोच माणूस 'सल्लागार सेवा', 'तपासणी सेवा' या नावानं मागच्या दारानं येऊ शकतो. तेव्हा मोर्चा निघत नाही, कारण ती निविदा असते, भरती नसते. कनिष्ठ अभियंत्याची, लेखापरीक्षकाची जागा का निघत नाही, असा प्रश्न अभ्यासिकेत बसलेल्या आपल्या भावाबहिणींना पडतो. त्याचं थोडं उत्तर या निविदांमध्ये आहे.

मग पर्याय काय? पर्याय कायद्यातच आहे आणि तो स्वस्त आहे. रोजगार हमीच्या सामाजिक अंकेक्षणासाठी २०११ साली जे नियम झाले, त्यांनी दर सहा महिन्यांनी गावातच, लोकांसमोर हिशोब वाचण्याची पद्धत घालून दिली. पेसा कायदा १९९६ तर आणखी स्पष्ट आहे. ग्रामपंचायतीनं केलेल्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घेतलंच पाहिजे, असं त्याचं कलम ४ सांगतं. आमच्या शहादा तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. ज्या बाईच्या नळाला पाणी नाही, तिच्याइतका चांगला तपासनीस कोणत्या एजन्सीकडे आहे? आणि ती बिलही लावत नाही.

म्हणून मित्रांनो, आपापल्या तालुक्यात हे करा. अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर ठेवा, महाराष्ट्राचे नियम तसे आहेत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. तपासणी संस्थेचा कार्यादेश, तिला दिलेल्या रकमा आणि प्रत्येक भेटीचा अहवाल मागा. 'त्रयस्थ पक्ष' असं उत्तर आलं तर घाबरू नका. माहिती अधिकार कायद्याचं कलम ११ ही नकाराची सबब नाही. त्रयस्थाला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकण्याची ती कार्यपद्धती आहे, निर्णय जनमाहिती अधिकाऱ्यानंच द्यायचा असतो. व्यापारी गुपिताचं कारण दिलं, तरी व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी लागते. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत प्रथम अपील करा. आणि मिळालेला कागद व्हॉट्सॲपवर फिरवून थांबू नका, ग्रामसभेत मोठ्यानं वाचा.

आमचं प्रथम अपील दाखल झालं आहे. सुनावणीला आम्ही एकटे जाणार नाही, वस्तीतल्या त्या बायाही सोबत येणार आहेत. अहवालात 'पाणीपुरवठा सुरळीत' असं लिहिलं असेल, तर ते कोणत्या दिवशी, कोणाच्या नळाला, हे त्याच विचारणार आहेत.

जय भीम! जय संविधान!