हिरवी पिसं

१४ मार्च

खाऱ्या पाण्याच्या टाकीत डावीकडच्या मोठ्या दगडावरची हिरवी लव आता ओळखू येण्याइतकी वाढली आहे. मधे देठ, देठाच्या दोन्ही बाजूंना बारीक तंतू, टोकाकडे जाताना आखूड होत गेलेले. ब्रायोप्सिस. साधं केसाळ शेवाळ पाण्याबाहेर काढलं की त्याचा लोळागोळा होतो. याचा झुबका चिमट्यात धरून वर काढला तरी एकेक पीस वेगळं दिसत होतं.

नायट्रेट आणि फॉस्फेट तपासलं. दोन्ही शून्याच्या आसपास. या शून्यावर विश्वास ठेवायचा नाही. पाण्यात जे उतरतं ते शेवाळच ओढून घेतं, टेस्ट किटच्या वाट्याला काही उरत नाही. कल्याणच्या मित्राला फोन केला, तर तो म्हणाला, "फॉस्फेट रिमूव्हर भरभरून टाक, उपाशी मरेल." पण शेवाळाआधी माझे प्रवाळ उपाशी मरतील. शिवाय पाण्यातली पोषकद्रव्यं पार निपटून काढली, की रिकाम्या जागी डायनोफ्लॅजेलेट्सचा तपकिरी, बुडबुड्यांचा चिकट थर येतो, आणि तो काढणं याहून कठीण. मला शून्य नको आहे. नायट्रेट पाचेक आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास टिकलं, तर प्रवाळही खातील आणि मासेही.

१७ मार्च

लॅबमधल्या रक्ताच्या स्लाइड्स आटोपल्यावर डबीतून नेलेलं एक पीस काचेवर घेतलं. टाकीच्याच पाण्याचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरून ब्लेडने मधोमध कापलं.

आत आडव्या भिंती नाहीतच. हे अख्खं पीस म्हणजे एकच पेशी, असंख्य केंद्रकं असलेली. त्यामुळे कापल्याजागी हिरवा रस सरळ बाहेर ओघळला. एरवी पेशी फुटली की संपली. इथे तो रस पाण्यात विरला नाही, कणाला कण चिकटत गेले आणि दहा-पंधरा मिनिटांत त्यांचे गोल, घट्ट गोळे बनले. काहींना कडा आल्यासारखी दिसू लागली. हे गोळे काही तासांत स्वतःभोवती नवं आवरण तयार करतात, पुढे भिंत, आणि त्यातून नवं रोप उभं राहतं. वाचलेलं होतं, पण डोळ्यांसमोर होताना पाहिलं तेव्हा श्वास रोखला गेला. शेजारच्या टेबलावरची मुलगी वाकून बघत म्हणाली, "मॅडम, हे तर मरतच नाहीये!"

म्हणजे टाकीत हात घालून हे ओरबाडायचं नाही. प्रत्येक तुटलेल्या टोकातून शंभर ठिकाणी बी पडणार. जे काढायचं ते दगडासकट पाण्याबाहेर आणून. पुढचं सगळं काम या एका गोष्टीवर बेतायला हवं.

२० मार्च

फ्लुकोनॅझोल. ब्रायोप्सिसवर हे बुरशीविरोधी औषध चालतं हे रीफ टँक ठेवणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे. लिटरला साधारण ५ मिलिग्रॅम, दोन आठवडे, तेवढे दिवस फिल्टरमधला कार्बन काढून ठेवायचा. माझ्या २०० लिटरला १००० मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅमच्या सात कॅप्सूल. शेवाळ फिकट पडून झडतं आणि प्रवाळांना सहसा काही होत नाही.

तरी मी ते वापरणार नाही. कँडिडा ऑरिस ही बुरशी माझ्या टेबलावर येते. अतिदक्षता विभागातून आलेल्या नमुन्यात ती निघाली, की फ्लुकोनॅझोलसमोर बहुतेक वेळा "रेझिस्टंट" असंच लिहावं लागतं. ज्या औषधाची धार माणसांसाठी अशी बोथट होत चालली आहे, ते शोभेच्या टाकीत ओतून पुढच्या प्रत्येक पाणी बदलाबरोबर गटारात सोडायचं हे माझ्या हातून होणार नाही. दुसऱ्या कुणी केलं तर मी भांडणार नाही, पण निदान पाणी टाकण्याआधी ते कार्बनमधून काढा, एवढं मात्र आवर्जून सांगेन.

२५ मार्च

मुलीने विचारलं, "आई, ब्लेनी सगळं खातो, मग हे का नाही खात?" लॉनमोअर ब्लेनी दिवसभर काच आणि दगड खरवडत असतो, पण पिसांपाशी आला की वळतो. खरं कारण सांगितलं तेव्हा तिचे डोळे मोठे झाले. ब्रायोप्सिसच्या आत एक जिवाणू राहतो, आणि तो कहालालाइड नावाची विषद्रव्यं बनवतो. २०१९ मध्ये हे संशोधकांनी उलगडलं. माशांना ते नको असतं. हवाईच्या समुद्रातली एलिसिया रुफेसेन्स ही बिनशंखाची गोगलगाय मात्र ब्रायोप्सिसच खाते, ते विष अंगात साठवते आणि त्याच जोरावर स्वतः शिकार होण्यापासून वाचते. त्यातल्या कहालालाइड एफची कर्करोगावरचं औषध म्हणूनही चाचणी झाली.

"मग तीच आणू या ना!" आणता येईल, पण शेवाळ संपलं की तिला खायला दुसरं काही नाही. काम करून घ्यायचं आणि मग उपाशी ठेवायचं, हे नको.

३० मार्च

पहिला दगड काढला. एका वेळी एकच. सगळे एकदम काढले तर त्यांच्यातले जिवाणू दुखावतात आणि अमोनिया वर जातो.

हातमोजे, चष्मा. या दगडाच्या कडेला झोअँथिड, म्हणजे प्रवाळांचे भाऊबंद, आहेत, आणि झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं, ज्ञात विषांमधलं एक अत्यंत जहाल. असे दगड उकळून साफ करायला गेलेल्या घरांत नुसत्या वाफेने माणसं रुग्णालयात गेल्याच्या नोंदी आहेत. म्हणून उकळणं नाही, कोरड्या ब्रशने घासून तुषार उडवणंही नाही. दगड परातीत ठेवला, झोअँथिडवर टाकीच्या पाण्यात भिजवलेलं फडकं टाकलं. पिसं मुळाशी धरून चिमट्याने उपटली आणि उपटलेल्या जागी केमिस्टकडचं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड रंगाच्या बारीक ब्रशने लावलं. लगेच फसफसलं. देठ जिथे दगडाच्या भोकांत शिरले होते तिथे थेंब थेंब सोडत गेले. दोन-तीन मिनिटं थांबून दगड वेगळ्या बादलीतल्या खाऱ्या पाण्यात विसळला. ते पाणी मोरीत, टाकीत नाही. परत ठेवल्यावर तासाभराने झोअँथिड उघडले.

दगडी प्रवाळ माझ्याकडे नाहीत. आपल्याकडे ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्याच रांगेत. तिथेच ते असावेत. लेदर, मशरूम आणि झोअँथिडवर माझं मन भरतं.

११ एप्रिल

झाडून सगळी पिसं काढलेला, प्रवाळ नसलेला एक दगड बादलीत ताज्या खाऱ्या पाण्यात ठेवला होता. पंप सुरू, वर झाकण, उजेड नाही, खाणं नाही. सुरुवातीला फॉस्फेट शून्य होतं. आज ०.२८.

हे त्या दगडातून आलं. कॅल्शियम कार्बोनेट फॉस्फेट धरून ठेवतं आणि बाहेरच्या पाण्यात ते कमी झालं की हळूहळू सोडतं. कोरड्या दगडांनी उभ्या केलेल्या टाकीत हे साठे पहिल्या दिवसापासून असतात. पिसं बरोबर दगडालाच का चिकटली, काचेवर का नाहीत, याचाही थोडा उलगडा झाला: त्यांचं जेवण खालूनच येत होतं. बादलीतलं पाणी बदललं. आकडा खाली राहीपर्यंत हा दगड बादलीतच राहील. बाकीच्यांसाठी संपमध्ये लोहाचं फॉस्फेट रिमूव्हर ठेवलं, डब्यावर लिहिलंय त्याच्या पाव हिश्श्याने.

२८ एप्रिल

सोसायटीत टँकर सुरू. टाकीसाठी पाणी गाळणाऱ्या आरओच्या आधीच्या पाण्याचा टीडीएस एकदम चढला आणि डीआय रेझिननंतरचा मीटर कधी नव्हे तो ००३ वर आला. रेझिन थकायला लागलं की आधी सिलिकेटसारखी सैल धरलेली द्रव्यं सुटतात. रेझिन आजच बदललं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, प्यायच्या पाण्याची बोंब आहे आणि तू माशांसाठी एवढं पाणी गाळतेस?" त्यांचं खरं आहे. आरओ एका बादलीमागे तीन बादल्या बाहेर टाकतो. ते सगळं फरशी, संडास आणि गॅलरी धुवायला जातं, हे त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग पिंप भरून ठेव, मी वापरीन."

९ मे

टक्सिडो अर्चिन हा काटेरी समुद्री जीव आणला, लिंबाएवढा, निळ्या पट्ट्यांचा. मित्राला वाटतंय तो ब्रायोप्सिस खाण्यासाठी. नाही. घासून निघालेल्या दगडावर दुसऱ्याच दिवसापासून बारीक थर बसायला लागतो आणि त्या थरातच पुढची लव रुजते. तो थर त्याने रोज खरवडायचा.

चरणाऱ्यांचं महत्त्व कॅरिबियनने शिकवलं. जानेवारी १९८३ मध्ये पनामाजवळ लांब काट्यांचे डायडेमा अर्चिन मरू लागले आणि वर्षभरात त्या सगळ्या समुद्रातले ९० टक्क्यांहून जास्त गेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे आधीच अतिमासेमारीने संपलेले, १९८०च्या वादळाने प्रवाळ मोडलेले, आणि आता अर्चिनही गेले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जिथे निम्म्या तळावर प्रवाळ होते, तिथे १९९०च्या दशकात पाच टक्केही राहिले नाहीत. बाकी सगळं शेवाळ. तिथे खतपाण्यापेक्षा खाणाऱ्यांचा अभाव अधिक भोवला. २०२२ मध्ये डायडेमांवर पुन्हा तशीच मरतूक आली, आणि यावेळी कारण सापडलं: एक रोमक एकपेशीय जीव.

आमचा अर्चिन रात्रभरात शिंपल्याचा एक तुकडा डोक्यावर घेऊन फिरतोय. मुलगी शाळेत जायच्या आधी त्यालाच बघत बसली.

२ जून

शेवटच्या दगडावर तीन झुबके उरलेत, पंपाच्या मागच्या भोकात. तिथे ब्रश पोचत नाही. इंजेक्शनची सुई काढून टाकलेल्या सिरिंजने पेरॉक्साइड सोडलं.

नायट्रेट ४, फॉस्फेट ०.०६. पिसं कमी झाल्यावर आकडे दिसायला लागले, तेव्हा खरी परिस्थिती कळतेय. बादलीतल्या दगडाचा आकडा ०.०८ वर स्थिरावलाय.

१९ जून

पाऊस लागला, टँकर बंद. त्या भोकात आज टॉर्च मारून पाहिलं, काही नाही. मोठ्या दगडाच्या माथ्यावर जांभळट गुलाबी कोरॅलाइन शेवाळ धरतंय. अर्चिन तेही खरवडतो, म्हणून त्याला एक दिवसाआड नोरीचा तुकडा रबराने दगडाला बांधून देतेय. पोट भरलं की कोरॅलाइनकडे कमी वळतो.

मित्राचा फोन आला. "तुझ्या त्या हिरव्या झोअँथिडचा तुकडा दे ना, रविवारी येतो." देणार, पण रविवारी नाही. तुकडा कापून वेगळ्या छोट्या टबमध्ये ठेवलाय, वर स्वतंत्र दिवा. दीड महिना त्याच्या बुडख्यावर एकही पीस उगवलं नाही, तरच तो कल्याणला जाईल. मित्र थोडा नाराज झाला. त्याला म्हटलं, स्लाइडवरचे ते गोळे येऊन बघ आधी.