सारसाच्या वाटणीची बांधी

आमचं शेत गोंदिया तालुक्यात, वैनगंगेच्या अंगाला. सगळं धानाचं. लहान लहान बांध्या, मधून धुरे आणि वरच्या बाजूला एक जुनी बोडी, म्हणजे लहान तळं. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा सारस कधी पाहिला नव्हता. मामाजी मात्र रोवणी आटोपली की रोज विचारायचे, "जोडी आली का?" जोडी आली म्हणजे यंदा बोडीत पाणी टिकणार, असा त्यांचा हिशेब. तो नेहमी बरोबर ठरायचा असं नाही, पण त्यांनी तो सोडला नाही.

नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल जवळ असल्यामुळे पाहुण्यांना वाटतं की सारस तिथला. तो जंगलातला नव्हेच. त्याला उघडं, उथळ पाणी लागतं: मालगुजारी तलावांचे काठ, नदीचा गाळ आणि पावसाळ्यात धानाची बांधी. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच हाच. मान ताठ केली की जवळजवळ माणसाएवढा दिसतो. महाराष्ट्रात तो आता गोंदियात आणि थोडाफार भंडाऱ्यात उरला आहे. नदीपलीकडे बालाघाटात आहे, पण ते मध्य प्रदेश. गोंदियाची 'सेवा' ही संस्था शेतकऱ्यांना सोबत घेऊन दरवर्षी गणती करते. गेल्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्याचा आकडा चाळिशीच्या आतच आहे.

आमच्याकडे जोडी घरटं करते ते बोडीखालच्या बांधीत. आजूबाजूचं धान आणि गवत उपटून पाण्यात ढीग रचते आणि त्यावर बहुधा दोन अंडी घालते. नर-मादी आळीपाळीने बसतात, महिनाभर तरी. पाणी चढलं तर काड्या ओढून ढीग उंच करतात. हे सगळं चालू असताना आमचं निंदण आलेलं असतं. बाया धुऱ्यावरूनच एकमेकींना बजावतात, "तिकडे नका जाऊ, मादी बसून आहे." तेवढा कोपरा निंदायचा राहतो. उपटलेलं धान म्हणाल तर ते खाटेएवढ्या जागेतलं. त्याचं दुःख कुणी करत नाही.

खरी अडचण तुडतुड्याची. धान दाटलं, युरिया जास्त पडला, हवा दमट राहिली की बुंध्याशी तुडतुडे माजतात आणि पीक गोल गोल जळत जातं. कृषी सहायक सांगतात, बांधीतलं पाणी तीन-चार दिवस काढून टाका. सल्ला योग्यच आहे. पण घरट्याच्या बांधीतलं पाणी काढलं की कुत्र्यांना वाट मोकळी होते, आणि कावळे तर टपलेलेच असतात. एकाच बांधीत कीड वेगळं मागते आणि पक्षी वेगळं.

आम्ही वाट काढली ती रोवणीपासूनच. त्या बांधीत काही ओळींनंतर एक पट्टा मोकळा सोडतो, म्हणजे बुंध्याला वारा आणि ऊन लागतं. तिथे युरिया हात आखडूनच. पाणी काढायचं ते शेजारच्या बांध्यांमधलं. फवारणी अजिबात करत नाही असं मी म्हणणार नाही. एका चुडात दहाच्या वर तुडतुडे दिसले तर लांबच्या बांध्यांत औषध मारतोच. मात्र कृषी केंद्रात "सगळीकडे एकदाच मारून टाका" म्हणतात, ते ऐकायचं बंद केलं. त्या औषधाने आधी कोळी मरतात, आणि तुडतुड्यांना खाणारे तेच. सारसाखातर फवारणी आवरली, त्यातला फायदा आमचाही झाला. घरट्याच्या बांधीत उतारा मात्र कमीच येतो. बिनऔषधाच्या शेतीत सगळं आपोआप भरून निघतं असं भाषणात सांगतात. आमच्याकडे नाही निघालं.

कापणीला आणखी एक पेच. पिल्लू अंड्यातून निघाल्यावर लगेच चालू लागतं, पण उडायला त्याला तीनेक महिने लागतात. ऑगस्टमधली अंडी असतील तर हलकं धान पिकतं तेव्हा पिल्लं पायीच फिरत असतात. मग ती बांधी शेवटी, विळ्याने कापायची. गावात हार्वेस्टर आलेलं असताना मजूर शोधायचे आणि मजुरी जास्त द्यायची. जावेचा मुलगा एकदा म्हणाला, "काकू, पक्षी सरकारचा अन् खर्च आपला?" मला उत्तर देता आलं नाही. त्याचं चूक नव्हतं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सारसाची दखल स्वतःहून घेतली. तेव्हापासून कागदं हलली, बैठका झाल्या. शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारांचाही विषय निघाला. सारस त्यांत अडकून मरतात. हे चांगलंच झालं. पण सारसासाठी कुंपण घालून जागा राखा, शेती बंद करा, असं कुणी सुचवलं की मला हसू येतं. शेती उठली तर बोडी कोण राखणार? तिच्यात बेशरम माजेल, धुरे फुटतील, आणि पक्ष्याला चरायला देवधान, गोगलगाय काहीच उरणार नाही. उलट, धानात काही उरत नाही म्हणून ज्यांनी बोडी बुजवून वर प्लॉट पाडले, त्यांच्याकडे सारस पुन्हा उतरला नाही. धान परवडलं तर सारस राहील. म्हणून घरट्याच्या बांधीला एकरी ठरावीक रक्कम मिळावी, आणि ती त्याच हंगामात, असं माझं म्हणणं आहे. शाल आणि नारळ आमच्याकडे भरपूर झाले.

तुम्हाला सारस बघायचा असेल तर कापणीनंतर या. घरट्याचा हंगाम टाळा. ड्रोन आणू नका, फोटोखाली गावाचं नाव लिहू नका. आणि जाताना ज्याच्या धुऱ्यावर उभे राहिलात, त्याच्याकडून तांदूळ विकत घ्या. बाजारापेक्षा दोन पैसे जास्त मागेल. द्या.