‘अंडं नाही ना त्यात?’

दिवाळीत आमच्या गल्लीत फराळाचं ताट घेऊन कुणाच्याही दारात उभं राहिलं की आधी एक प्रश्न येतो, “अंडा तो नहीं है इसमें?” ताट हातात घेतानाच विचारतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आम्ही राहतो दिल्लीत, हिंदूराव रुग्णालयाच्या टेकडीखाली. खालच्या मजल्यावर जैन कुटुंब, समोर अगरवाल, पलीकडे पंजाबी आणि कोपऱ्यावर आम्ही एकटे मराठी. चकली पाहून लोक विचारतात, “ये क्या, जलेबी का नमकीन?” अनारसे काय असतात हे तर मी तीस वर्षं समजावते आहे. नानखटाईचं मात्र तसं नाही. तिला ओळख करून द्यावी लागत नाही. त्या एका प्रश्नाचं उत्तर दिलं, की ताट थेट आत जातं.

या नानखटाईने आमच्या घरात फार मोठं काम केलं आहे. त्याची गोष्ट माझ्या सासूबाईंची आहे.

सासूबाई कागलच्या. १९९५च्या आषाढात मामंजी गेले आणि दिवसवार उरकल्यावर हे त्यांना दिल्लीला घेऊन आले. “दिवाळीपर्यंत राहते, मग मला पोचवून या,” असं बजावूनच त्या गाडीत बसल्या होत्या. स्टेशनवरून घरी येताना रिक्षावाल्याला यांनी “हिंदूराव” असं सांगितलं, तेव्हा दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मान वर केली. “हिंदूराव? अरे, हे तर आमच्या घाटग्यांचं नाव!”

आणि ते खरंच आहे. दिल्लीतल्या किती लोकांना हे ठाऊक असेल कुणास ठाऊक! कागलच्या सर्जेराव घाटग्यांची मुलगी बायजाबाई ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांना दिली होती. हिंदूराव हा तिचा भाऊ. ग्वाल्हेरहून तो दिल्लीत येऊन राहिला. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाला, त्यानंतर टेकडीवरची त्याची कोठी हिंदूरावांनी घेतली. १८५७च्या लढाईत याच कोठीवर तोफगोळ्यांचा मारा झाला. पुढे तिथे रुग्णालय झालं, पण नाव राहिलं ते कागलकराचंच. शेजारी फिरोजशहा तुघलकाने मेरठहून आणवलेला अशोकस्तंभ आहे, तो पाहायला कधीमधी कुणी येतं. हिंदूराव कोण हे मात्र बस-कंडक्टरपासून डॉक्टरपर्यंत कुणीच विचारत नाही.

पण गावचं नाव ऐकून माणसाचं मन लागतं असं थोडंच आहे! सासूबाई दिवसभर खिडकीशी बसून असत. हिंदी येत नव्हतं. बाहेरचं खाणं वर्ज्य. बेकरीचा पदार्थ तर त्या शिवतही नसत. १९८३ साली वनस्पती तुपात जनावरांची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं होतं, तेव्हापासून त्यांनी पाव, खारी, बिस्किट सगळ्यांना घराबाहेर काढलं होतं. त्यात अंड्याची शंका. आता पाकिटावर हिरवा ठिपका असतो, पण त्याचा नियम आला २००१ साली. त्याआधी दुकानदार सांगेल तेच खरं मानायचं. सासूबाई नवऱ्याच्या शब्दावरसुद्धा सहजी विश्वास ठेवत नसत, तिथे दुकानदाराची काय कथा!

दिवाळी जवळ आली. वर्षाच्या आत आपल्याकडे चुलीवर कढई ठेवत नाहीत. गावी असतो तर भावकीतून, शेजारून डबे आले असते. वर्षसणाला दु:खाच्या घरी फराळ पोचवायचा ही आपल्याकडची किती शहाणी रीत आहे, हे गावापासून दूर गेल्यावर कळतं. दिल्लीत आमचं कोण? मराठी ओळखी होत्या त्या पहाडगंजला, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात भेटणाऱ्या. माझी मुलं तेव्हा आठ आणि पाच वर्षांची. गल्लीत सगळ्यांच्या घरून तळणीचा वास येत होता आणि आमच्या स्वयंपाकघरात खिचडी शिजत होती. मुलांनी विचारलं तर सासूबाई तोंड फिरवून बसल्या. त्यांना वाटे, आपल्यामुळे पोरांचा सण बुडाला. मला वाटे, आता या काही इथे राहत नाहीत.

पलीकडच्या घरातल्या माताजी धनत्रयोदशीच्या तीन-चार दिवस आधी आल्या. लाहोरहून १९४७ साली दोन लेकरं आणि एक पितळी परात घेऊन आलेल्या. आवाज खणखणीत. मी त्यांना आमची अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, “हमारे यहाँ भी साल भर कड़ाही नहीं चढ़ती। पर भट्टी में कड़ाही कहाँ है?”

मी बघतच राहिले. खरंच की! नानखटाईला ना कढई, ना तळण. धर्मशास्त्राचं मला कळत नाही, पण या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. मी सासूबाईंना भाषांतर करून सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग एवढंच म्हणाल्या, “तूप कुणाचं?”

“आपलंच.”

“आणि करताना मला बघता येईल?”

आता ज्यांनी दिल्लीतली भट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. उत्तरेत जुन्या वस्त्यांमधून अशी रीत आहे की आपण घरून कणीक, तूप आणि साखर घेऊन भट्टीवर जायचं. तिथला कारागीर समोर मळून, साच्याने छाप मारून बिस्किटं भाजून देतो आणि किलोमागे फक्त मजुरी घेतो. रिकामा कनस्तर, म्हणजे आपला पत्र्याचा मोठा डबा, आपणच न्यायचा. कोल्हापूरकडेही दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत बायका रवा, मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत नानखटाई भाजून आणत. सासूबाईंनीही चरबीच्या प्रकरणाआधी ते केलेलं होतं. म्हणजे दिल्लीतली ही रीत त्यांना परकी नव्हतीच, फक्त मधे बारा वर्षं गेली होती.

आम्ही तिघी पहाटे साडेपाचला निघालो, कारण उशीर झाला की नंबर लागत नाही. भट्टीसमोर पंचवीस-तीस कनस्तर रांगेत मांडलेले. कारागिराने आमचं सामान घेतलं तशी सासूबाई त्याच्या परातीसमोर स्टूल ओढून बसल्या. माताजींची कणकेची बिस्किटं, आमची रवा-मैद्याची नानखटाई. माताजी म्हणाल्या, आटा घाला, पोटाला बरा. सासूबाई मराठीत म्हणाल्या, कणकेची नानखटाई म्हणजे शंकरपाळ्यांची बहीण. मी मधे दुभाषी. थोड्या वेळाने माझी गरज उरली नाही. बोटांनी तुपाचा रवाळपणा दाखवायला, चिमटीने वेलदोड्याचा अंदाज सांगायला भाषा कशाला लागते? “छोटी इलायची” हा त्या दिवशी सासूबाईंनी शिकलेला पहिला हिंदी शब्द. कारागिराने तूप फेसताना हात जरा ढिला सोडला तर त्यांनी त्याला “अजून, अजून” म्हणून दटावलं आणि त्यालाही ते समजलं.

घरी आल्यावर त्यांनी स्वत: ताटं भरली. पहिलं खालच्या जैन घरी. तिथल्या काकींनी नेहमीचा प्रश्न विचारताच सासूबाईंनी माझ्याआधी उत्तर दिलं, “अंडा नहीं. मैं बैठी थी.”

त्यांचं परतीचं तिकीट आधी मार्गशीर्षावर गेलं, मग संक्रांतीवर, आणि पुढे कुणी तो विषयच काढला नाही.

आता थोडं कृतीविषयी, कारण नुसत्या गोष्टीने डबा भरत नाही. केकमध्ये अंडं पीठ बांधून ठेवतं आणि फुगवतं, म्हणून अंड्याशिवाय केक करायचा तर बदली काहीतरी शोधावं लागतं. नानखटाईत अंड्याची जागाच नाही. इथे तूप पिठाच्या कणाकणाला वेढून टाकतं, त्यामुळे पिठाला चिवटपणा येत नाही आणि पदार्थ तोंडात विरघळतो. स्कॉटलंडची शॉर्टब्रेड ही बिस्किटं जगभर प्रसिद्ध आहेत. त्यातही अंडं नसतं. एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग पीठ हा तिचा जुना हिशेब. आपल्या नानखटाईचा जन्म सुरतेचा सांगतात. डच लोकांची बेकरी एका पारशी कारागिराकडे आली आणि इथल्या गिऱ्हाइकांसाठी त्यातूनच पुढे हे बिनअंड्याचं बिस्किट तयार झालं, अशी हकिगत आहे. म्हणजे “अंडं नाही ना?” हा प्रश्न आमच्या गल्लीच्याही कितीतरी आधीचा.

माझं प्रमाण असं: २०० ग्रॅम साजूक तूप, २०० ग्रॅम पिठीसाखर, ३०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, ५० ग्रॅम बारीक रवा, पाव छोटा चमचा खायचा सोडा, एक चमचा दही, वेलदोडा आणि जायफळ. यात चाळीसेक नगं होतात. शक्यतो वजनानेच घ्या. एक वाटी तुपाचं वजन एक वाटी मैद्यापेक्षा कितीतरी जास्त भरतं, त्यामुळे “तुपाइतकी साखर, दुप्पट पीठ” हे वाक्य वाटीला लावलं की नानखटाई पत्र्यावर पसरून पोळी होते. वाटीच वापरायची असेल तर एक वाटी तुपाला पावणेदोन वाट्या पिठीसाखर आणि सगळं पीठ मिळून सव्वातीन वाट्या धरा.

तूप थिजलेलं हवं, वितळलेलं नको. दिल्लीत कार्तिकात ते आपोआप थिजलेलं मिळतं. मुंबईकर मैत्रिणींनी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावं. तूप आणि साखर पांढरंशुभ्र, हलकं होईपर्यंत हाताने फेसा, निदान दहा मिनिटं. सगळी करामत इथे आहे. मग दही घाला, चाळलेली पिठं घाला आणि गोळा होईल इतकंच एकत्र करा. कणीक तिंबतो तसं मळू नका, मळलं की ती कडक होते. गोळे जरा दाबून, मधे अंतर ठेवून लावा. १६० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं पुरतात. वरून तांबूस होण्याची वाट पाहू नका, कडेला रंग चढला की काढा. गरम असताना त्या मऊच लागतात आणि हात लावला तर मोडतात. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर आतल्या वाफेने सादळतात.

लोणी किंवा बाजारातलं बटर वापरायचं असेल तर २०० ग्रॅम तुपाच्या जागी २५० ग्रॅम घ्या, कारण त्यात ऐंशी टक्केच स्निग्धांश असतो, बाकीचं बहुतेक पाणी. अर्थात मग दही वगळायचं. बटरची बिस्किटं चवीला छान होतात, पण तुपाची भुसभुशीत जात निराळी. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कुकरमध्ये दोन बोटं मीठ किंवा वाळू पसरा, वर स्टँड ठेवा, रिंग आणि शिट्टी काढून झाकण लावा आणि दहा मिनिटं तापवून मग ताटली ठेवा. माझ्याकडे पूर्वी काचेच्या झाकणाचा तो गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन होता. तो मधल्या नानखटाया करपवायचा आणि कडेच्या कच्च्या ठेवायचा, तरी त्यात आम्ही सात वर्षं भाजलं.

सासूबाई भट्टीवर मात्र दरवर्षी गेल्या. पुढेपुढे गुडघे दुखायचे तर रिक्षाने, पण गेल्या. माताजी आणि त्या, दोघींचा एकच कनस्तर असायचा, मधे पुठ्ठा घालून दोन भाग केलेला. एकीकडे कणकेची, दुसरीकडे रव्याची. कुणाची जास्त झाली यावरून वाद व्हायचे, अर्धे पंजाबीत, अर्धे कोल्हापुरीत. माझ्या नवऱ्याची बदली पुण्याला व्हायची बोलणी चालली तेव्हा सगळ्यांत आधी विरोध कुणी केला असेल? “तिथली हवा मला मानवायची नाही,” सासूबाई म्हणाल्या. पुण्याची हवा!

त्या २००४च्या श्रावणात गेल्या. हिंदूरावच्या टेकडीवरच, रुग्णालयात, नऊ वर्षं दिल्लीत काढून. शेवटच्या दिवसांत खाणं जवळजवळ सुटलं होतं.

त्या वर्षी आमच्याकडे पुन्हा कढई नव्हती, आणि खरं सांगायचं तर भट्टीवर जायचंही मनात नव्हतं. मुलगी कॉलेजात होती, तिने विचारलं नाही आणि मी बोलले नाही. धनत्रयोदशीच्या सकाळी माताजींचा नातू कनस्तर खांद्यावर घेऊन जिना चढून आला. माताजी तेव्हा ऐंशीच्या घरात, दिसायला कमी झालेलं, तरी पहाटे भट्टीवर जाऊन बसल्या होत्या. मी झाकण उघडलं. मधे पुठ्ठा नव्हता. कणकेची एकही नव्हती, सगळी रवा-मैद्याची, आमच्या घरच्यासारखी दाबून मधे पिस्त्याचा काप लावलेली. जायफळ जरा जास्त पडलं होतं.