ओढून नेण्याचा हिशेब

युद्धाच्या खेळात मारण्याचे नियम असणारच. पण अडकलेल्या सोबत्याला ओढून नेण्याचेही नियम असावेत, याचे मला मोठे नवल वाटले! ‘स्टार फ्लीट बॅटल्स’ हा तो खेळ. स्टीफन कोल या अमेरिकन गृहस्थाने रचलेला आणि १९७९ साली प्रसिद्ध झालेला. षट्कोनी घरांचा पट, पुठ्ठ्याच्या सोंगट्या आणि हाती पेन्सिल. सोंगटी म्हणजे अंतराळयान. वसतिगृहातल्या एका मित्राने तो मला शिकवला.

प्रत्येक फेरीच्या आरंभी यानाच्या ऊर्जेची वाटणी कागदावर मांडावी लागते. चालायला किती, शस्त्रांना किती, ढालींना किती... महिन्याच्या पैशांची आपण करतो, तशीच!

दुसऱ्या यानाला धरणाऱ्या अदृश्य किरणाला या खेळात ‘ट्रॅक्टर’ म्हणतात. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पाहत वाढलेल्या मला ते नाव घरचेच वाटले. शेजारच्या घरातले यान धरायला ऊर्जेचा १ पॉइंट लागतो, ३ घरांवरचे धरायला ३. त्यापलीकडे हा किरण पोचत नाही.

खरी मेख पुढे आहे. धरलेल्या यानाचा भार ओढणाऱ्याच्या हिशेबात मिळवला जातो. एका घराला १ पॉइंट लागणारे यान २० पॉइंटांत २० घरे जाते. तसेच दुसरे यान त्याला जोडले, की एका घराला २ पॉइंट पडतात. म्हणजे १० घरेच. मात्र ओढले जाणारे यानही आपली ऊर्जा घालू शकते. त्याने त्याच दिशेने १० पॉइंट घातले, तर जोडी १५ घरे जाते. विरुद्ध दिशेने घातले, तर तेच बळ ओढणाऱ्याला मागे खेचते.

मित्रहो, हा नियम कळला आणि मला दादा आठवला. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. दादा दहावीनंतर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून गेला, म्हणून माझी फी भरली गेली. माझी १० घरे झाली ती त्याच्या २० घरांतून! घरी याविषयी कुणी बोलत नाही. मला मात्र पैसे हाती घेताना मान वर करवत नसे.

पण नुसती मान खाली घालून दादाचा भार कसा हलका होणार? यंदा पहाटे वर्तमानपत्रे टाकून मेसचे पैसे मी स्वतः भरतो. रक्कम थोडीच आहे. पण दिशा दादाचीच आहे. पुढल्या वर्षी धाकटी बहीण अकरावीसाठी शहरात येईल. आता तिला ओढायला आम्ही दोघे आहोत.